‘पॉश’ कुठून आला, याने काय ठरतं?

सोलापुरात होटगी रस्त्याने किंवा विजापूर रस्त्याने बाहेर पडा, नव्या इमारतींच्या फलकांवर ‘पॉश’ हा शब्द हमखास भेटतो. पॉश लोकेशन, पॉश फ्लॅट, पॉश सोसायटी. या शब्दावरून अलीकडे आपल्याकडे जो वाद घातला जातो तो ऐकून वैताग येतो. एक बाजू म्हणते, हा गुलामगिरीचा शब्द, गोऱ्या साहेबाच्या बोटीवरच्या थंड खोलीतून उतरलेला, तो मराठी फलकावर लिहायची लाज वाटली पाहिजे. दुसरी बाजू म्हणते, अहो, तो मुळात आपलाच. भारतातून युरोपात गेलेल्या रोमानी लोकांच्या बोलीतला, म्हणजे ओघानेच संस्कृतातला, तेव्हा त्याचा अभिमान बाळगा. दोघं एकमेकांवर तुटून पडतात, पण एका गोष्टीवर दोघांचंही एकमत आहे: शब्दाचं कूळ कळलं की त्याचा निकाल लागला. मला हे गृहीतकच मान्य नाही. शब्द ठेवायचा की टाकायचा हे तो आज कोणाच्या तोंडी आहे, कोणासाठी वापरला जातो आणि त्याने काय झाकलं जातं यावर ठरायला हवं. त्याचं कूळ हा इतिहासाचा विषय. तो जरूर अभ्यासावा, पण अभ्यासायचाच असेल तर नीट अभ्यासावा. आणि या वादात नेमकं तेच कोणी केलेलं नाही.

आधी बोटीची गोष्ट. ती अशी सांगितली जाते: विलायतेहून हिंदुस्थानात येणाऱ्या पी अँड ओ कंपनीच्या बोटींवर श्रीमंत प्रवासी येताना डाव्या बाजूची आणि परतताना उजव्या बाजूची खोली घेत, कारण तिकडे ऊन कमी. बोटीच्या डाव्या बाजूला पोर्ट म्हणतात, उजव्या बाजूला स्टारबोर्ड. ‘पोर्ट आउट, स्टारबोर्ड होम’ या चार शब्दांची आद्याक्षरं जोडली की पॉश. आणि हीच अक्षरं म्हणे तिकिटावर जांभळ्या शाईने उमटवलेली असत. गोष्ट इतकी घोटीव आहे की तिच्यावर शंका घेणं असभ्यपणाचं वाटावं. भूगोलही अगदीच तिच्या विरोधात नाही. भूमध्य समुद्रातून पूर्वेकडे येताना डावी बाजू उत्तरेला राहते, तिथे ऊन खरंच कमी. पण प्रवाशांचा जीव नकोसा करणारा टप्पा म्हणजे सुएझनंतरचा तांबडा समुद्र, आणि तिथे बोट जवळजवळ दक्षिणेला जाते. म्हणजे सकाळी एका बाजूने तापायचं, दुपारनंतर दुसऱ्या बाजूने. डावीकडची खोली संध्याकाळी जरा लवकर निवायची, एवढाच काय तो फरक.

तरी भूगोल सोडून देऊ. खरी अडचण पुराव्याची आहे. अशी अक्षरं उमटवलेलं एकही तिकीट आजवर सापडलेलं नाही. कंपनीच्या कागदपत्रांतही या शिक्क्याचा मागमूस नाही. ‘पॉश’ हा शब्द आजच्या अर्थाने छापून येऊ लागला तो पहिल्या महायुद्धाच्या आसपास. ‘पंच’ या इंग्रजी विनोदी साप्ताहिकातल्या १९१८ सालच्या एका व्यंगचित्रात तो आहे. आणि बोटीची गोष्ट छापील रूपात दिसते ती थेट १९३० च्या दशकात. सुएझ कालवा खुला झाला १८६९ मध्ये. इतकी वर्षं हजारो साहेब आणि मडमा ये-जा करत होत्या, पत्रं लिहीत होत्या, रोजनिशा ठेवत होत्या, प्रवासवर्णनं छापत होत्या, आणि या शिक्क्याबद्दल एकानेही एक ओळ लिहू नये? शिवाय आद्याक्षरं जोडून शब्द घडवण्याची पद्धतच मुळात विसाव्या शतकातली, सैन्याने आणि सरकारी खात्यांनी रुळवलेली. त्याआधीच्या एखाद्या शब्दाची फोड कोणी आद्याक्षरांत करून दाखवली, तर ती नंतर कोणीतरी बसून रचलेली असण्याचीच शक्यता जास्त. ‘न्यूज’ म्हणजे उत्तर, पूर्व, पश्चिम, दक्षिण या चार दिशांची इंग्रजी आद्याक्षरं, हे शाळेत ऐकलेलं कित्येकांना अजून खरं वाटतं. प्रत्यक्षात ते ‘न्यू’चं, म्हणजे ‘नवं’ याचं साधं अनेकवचन आहे. फ्रेंचांनीही बातमीला ‘नव्या गोष्टी’ असंच म्हटलं.

मग पॉश आला कुठून? ऑक्सफर्डचा मोठा इंग्रजी कोश त्याचं मूळ अनिश्चित असल्याचं नोंदवतो. पण दावेदारांत सर्वांत बळकट धागा आहे तो लंडनच्या गल्लीबोळातला. एकोणिसाव्या शतकातल्या चोरबोलीत ‘पॉश’ म्हणजे पैसा, त्यातही अर्धा पेनी, एक हलकं नाणं. त्या शतकाच्या अखेरच्या बोलीकोशांत त्याचा दुसरा अर्थही दिला आहे: छानछोकी करणारा, नटवा. आणि रोमानी बोलीत ‘पॉश’ म्हणजे अर्धा. रोमानी ही बोली उत्तर भारतातून सुमारे हजार वर्षांपूर्वी पश्चिमेला गेलेल्या भटक्या लोकांची. नाक, कान, पाणी हे शब्द आजही तिच्यात आपल्याला ओळखू येतील अशा रूपात आहेत. इंग्रजीतला ‘पॅल’, म्हणजे दोस्त, हा तर निर्विवादपणे रोमानीतला. मूळ अर्थ भाऊ. तेव्हा ‘पॉश’ही त्याच वाटेने आला असेल तर नवल नाही.

आता या दोन गोष्टी शेजारी ठेवून बघा. एकीत शब्द साहेबाच्या थंड खोलीत जन्मतो. दुसरीत तो अर्ध्या पेनीच्या नाण्यावर, ज्यांना इंग्लंडने कधी नीट उभंही राहू दिलं नाही अशा लोकांच्या तोंडी जन्मतो आणि मग वर चढत चढत त्याच साहेबाच्या दिवाणखान्यात जाऊन बसतो. दुसरी गोष्ट किती तरी बोचरी आहे. तरी पहिलीच का जिंकते? कारण पहिलीत सगळं जागच्या जागी बसतं. चार शब्द, चार अक्षरं, एक शिक्का, एक नीतिकथा. साहेबावर राग असणाऱ्याला ती राग पुरवते, साहेबाचं अप्रूप असणाऱ्याला अप्रूप पुरवते. खऱ्या इतिहासाला असं सगळ्यांना एकदम खूश करणं जमत नाही.

‘असल्या गोष्टींनी कोणाचं काय बिघडतं? मुलांना शब्दांची गोडी तरी लागते,’ असा एक सौम्य बचाव नेहमी केला जातो. मला तो पटत नाही, आणि न पटण्याचं कारण आपल्याच गावाच्या नावात आहे. सोलापूर हे नाव ‘सोळा’ आणि ‘पूर’ यांतून झालं, सोळा गावांचं मिळून एक शहर, हे इथल्या शेंबड्या पोरालाही पाठ असतं. सोळा गावांची यादीसुद्धा दिली जाते: आदिलपूर, अहमदपूर, चपळदेव, फतेपूर, जमदारवाडी, काळजापूर, खादरपूर, राणापूर, संदलपूर, शेखपूर, वैदकवाडी आणि बाकीची. ती यादी एकदा सावकाश वाचा. तिच्यात एक नाव सोलापूर हेच आहे! सोळा गावांमुळे ज्याला सोलापूर म्हणायचं, ते त्या सोळांपैकीच एक गाव कसं असेल? आणि त्याच यादीत आणखी एक नाव शांतपणे बसलेलं आहे: सोन्नलगी. बाराव्या शतकात संत सिद्धरामेश्वर ज्या गावी होते ते सोन्नलगी. यादवांच्या काळापर्यंत हेच नाव चालत होतं. पुढे मोहोळ तालुक्यातल्या कामतीच्या शिलालेखात सोनलीपूर, किल्ल्यातल्या लेखात सोनलपूर, आणि मग घासत घासत सोलापूर. इंग्रजांच्या जिभेवर शोलापूर. दगडावर कोरलेला पुरावा गावात असताना आपण आकड्यांचा खेळ खरा धरून बसलो.

त्याने काय बिघडलं? सोन्नलगीबरोबर कन्नड वारसाही नावातून पुसला गेला. सिद्धरामेश्वरांची वचनं कन्नडात आहेत. संक्रांतीच्या यात्रेत नंदीध्वजांपुढे मराठी, कन्नड, तेलुगू, उर्दू बोलणारे सगळे उभे असतात आणि तिथे कोणाला कोणाचं परकेपण वाटत नाही. पण गावाच्या नावाची गोष्ट मात्र आपण अशी निवडली की ती एकाच भाषेत सांगता यावी. ‘पॉश’च्या बाबतीत नेमकं हेच होतंय. बोटीच्या गोष्टीने रोमानी लोकांना नकाशावरून उडवलं. आणि सोलापूरकराला तर त्या लोकांची गोष्ट दुसऱ्या कोणाहूनही जवळची वाटायला हवी होती. इंग्लंडने १५३० मध्येच या भटक्यांना देशाबाहेर काढण्याचा कायदा केला होता. फिरतीवर जगणारा माणूस जन्मजात गुन्हेगार, ही नजर तिथे पक्की झाली, आणि १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याच्या मागेही तीच नजर होती. त्या कायद्याची राजवट भोगलेली वस्ती आपल्या शहरात आहे. तिला आपण आजही इंग्रजी नावानेच ओळखतो: सेटलमेंट.

इथे मी विरोधी बाजूचा सर्वांत वजनदार मुद्दा मान्य करतो, कारण तो टाळून पुढे जाणं अप्रामाणिकपणाचं होईल. काही शब्दांचं मूळ खरोखर जखमेसारखं असतं. सेटलमेंट म्हणजे तारेचं कुंपण, म्हणजे दिवसाची हजेरी, म्हणजे बाहेरगावी जायला परवाना, म्हणजे गिरणीत राबायचं आणि तरी रात्री गुन्हेगार म्हणून मोजलं जायचं. कैकाडी, पारधी, भामटा अशा नावांच्या माणसांच्या पिढ्या त्यात गेल्या. ३१ ऑगस्ट १९५२ ला तो कायदा रद्द झाला, लोक ‘विमुक्त’ झाले, पण शब्द राहिला. अशा शब्दाला ‘मूळ विसरा, वापर बघा’ हे मी कोणत्या तोंडाने सांगणार? आणि गावोगावच्या जातिवाचक वस्त्यांची नावं बदलण्याचा निर्णय महाराष्ट्र सरकारने डिसेंबर २०२० मध्ये घेतला, तो योग्यच होता. तिथेही नावाच्या उगमालाच हात घातला गेला ना?

हात घातला गेला तो चालू अपमानाला. त्या वस्तीच्या नावामुळे पोराला शाळेत आजही नजर झेलावी लागते, पत्ता सांगताना आवाज आजही खाली जातो. निर्णय त्यासाठी झाला. मूळ काहीही असो, आज जर त्या नावाने कोणाची मान खाली जात नसती तर ते बदलण्याची घाई कोणी केली नसती. पुणे, बेळगाव, नाशिक या नावांच्या व्युत्पत्तीवरून कोणी मोर्चा काढत नाही. सेटलमेंटचंही तसंच. त्या एका इंग्रजी शब्दाचे सोलापुरात तीन संसार आहेत. ‘पोरगा पुण्यात सेटल झाला’ म्हणताना बापाची छाती फुगते. ‘प्रकरणाची सेटलमेंट झाली’ म्हणताना सांगणारा डोळा मारतो. आणि ‘आम्ही सेटलमेंटचे’ म्हणताना पूर्वी माणूस थांबायचा, समोरच्याचा चेहरा बघायचा. शब्द एक, मूळ एक, लॅटिन-जर्मानिक कुळाची चर्चा करायची तर तीही एकच. त्या तिन्हींतला फरक कुळात सापडेल का? तो फक्त वापरात सापडतो. आणि तिथल्या लोकांनी हे नाव ठेवायचं की टाकायचं हा अधिकार त्यांचा. तो कोशकाराचा नाही आणि माझा तर मुळीच नाही.

आता ‘आपलाच शब्द’ म्हणणाऱ्यांकडे वळतो. त्यांचा उत्साह मला समजतो. दीडशे वर्षं ‘तुमचं काहीच नाही’ ऐकलेल्या समाजाला ‘सगळं आमचंच’ म्हणावंसं वाटतं. पण त्यासाठी ‘नॅव्हिगेशन’ हा ‘नवगती’तून आला असं ठोकून देणं हे भाषेवरचं प्रेम म्हणता येणार नाही. लॅटिनमध्ये ‘नाविस’ म्हणजे जहाज, संस्कृतात ‘नौ’. दोन्ही एका जुन्या भाषेची लेकरं. भाषापंडित विल्यम जोन्सने १७८६ मध्ये कलकत्त्याला हेच मांडलं: संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन यांच्यातलं साम्य इतकं दाट आहे की तिन्ही एका समान उगमातून आल्या असल्या पाहिजेत, आणि तो उगम कदाचित आज अस्तित्वातही नसेल. चेहरा जुळतो म्हणून चुलत भावाला बाप म्हणायचं नसतं. बरं, ‘पॉश’ खरोखरच रोमानीतून गेला असं धरलं, तो मागे मागे नेत संस्कृतापर्यंत पोचवला, तरी त्याने काय साधलं? मग हाच शब्द मराठी फलकावर पवित्र झाला? आणि उद्या एखाद्या जुन्या कागदात त्याचं वेगळंच मूळ सापडलं, तर परवा तो पुन्हा विटाळणार? ज्या अभिमानाचं भवितव्य लंडनमधल्या कोशकाराच्या पुढच्या नोंदीवर टांगलेलं आहे, तो बाळगायचा तरी किती दिवस?

भाषाशुद्धीवाल्यांचं ऋण मात्र मानायलाच हवं. त्यांची टिंगल करण्याची आता पद्धत पडली आहे आणि ती करणारे ‘दिनांक’, ‘क्रमांक’, ‘महापौर’ हे शब्द खुशाल वापरत असतात. परक्या शब्दांचा लोंढा आला की भाषेची स्वतःची घडणशक्ती आळसावते, हा त्यांचा मुद्दा खोटा नव्हता. पण त्यांचे कोणते शब्द टिकले आणि कोणते गळाले ते बघा. ‘दिनांक’ अर्जावर रुजला. पण सोलापूरच्या कोर्टात पक्षकाराला आजही ‘तारीख’च मिळते, दिनांक मिळत नाही. याहून मोठं उदाहरण शिवकाळातलं. शिवाजी महाराजांनी राज्यव्यवहारकोश करवून घेतला, कारभारातल्या फारसी शब्दांना संस्कृत पर्याय दिले. मुजुमदाराचा अमात्य झाला, सुरनिसाचा सचिव, डबिराचा सुमंत, आणि पेशव्याचा मुख्य प्रधान. हेतू केवढा मोठा, आणि मागे उभी असलेली सत्ता केवढी! तरी पुढच्या शतकात काय झालं? मराठ्यांचं अख्खं राज्य ज्या नावाने ओळखलं गेलं तो शब्द फारसीच: पेशवाई. उलट ‘सचिव’ आज मंत्रालयात घट्ट बसला आहे. म्हणजे महाराजांचा शब्दही चालला तो लोकांच्या जिभेने आणि कारभाराच्या गरजेने त्याला आपलं म्हटलं तिथेच. कुळावर निकाल लावायचा प्रयत्न इतक्या मोठ्या माणसाला पूर्ण जमला नाही, तो फलकांवर काळं फासणाऱ्यांना जमेल?

आणि कूळच बघायचं तर सोलापुरात हात कशाला लावता येईल? सोलापुरी चादर ही आपली ओळख, तिला भौगोलिक मानांकन आहे, ती आपण जगभर मिरवतो. ‘चादर’ शब्द फारसी. तिची नक्षी ज्या जकार्ड मागावर उतरते तो फ्रान्समधल्या ल्योंच्या जोसेफ मारी जकार्डचा. ती विणणारी बोटं बहुतेक तेलुगू बोलणाऱ्या पद्मशाली घरांतली. शेजारी पडलेला टॉवेल इंग्रजीतून आला. त्याआधी तो फ्रेंच होता आणि त्याआधी जर्मानिक. वाद घालून कंटाळलात की चहाबरोबर जो पाव खाता तो पोर्तुगीज, हातातला पगार पोर्तुगीज, ‘राजीनामा’ तर फारसी-उर्दूत तडजोडीचा कागद होता, मराठीत येऊन तो नोकरी सोडण्याचा कागद झाला. खुद्द संस्कृतातून आलेल्या ‘शिक्षा’ला शिकणं सोडून मार खावा लागला. शब्द घर बदलतात तेव्हा सामान बदलतात.

इंग्रजीतही हेच. ‘नाइस’ हा शब्द लॅटिनमधल्या ‘अडाणी’ या अर्थाच्या शब्दावरून आला. तेव्हा कोणी तुमच्या मुलीला नाइस म्हटलं तर चिडायचं का? सोलापूरला तर याहून चांगलं उदाहरण ठाऊक आहे. १९३० च्या मे महिन्यात इथे मार्शल लॉ लागला. इंग्रजांविरुद्धच्या त्या लढ्यातल्या मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन यांना १२ जानेवारी १९३१ ला येरवड्यात फाशी दिलं. ‘मार्शल लॉ’ हे दोन शब्द सोलापूर आजही इंग्रजीतच उच्चारतं. कोणी ‘लष्करी कायदा’ म्हटलं तर तो बाहेरचा हे लगेच कळतं. शब्द साहेबाचा, हुकूम साहेबाचा, आणि तरी आज तो सोलापूरच्या अभिमानाचा शब्द आहे. त्यातला ‘मार्शल’ रोमनांच्या युद्धदेवतेचा, मार्सचा. आपण ज्याला तसाच ‘मार्शल’ म्हणतो तो फील्ड मार्शलमधला दुसरा शब्द मात्र वेगळा. जुन्या जर्मानिक भाषांत त्याचा अर्थ होता घोड्यांचा नोकर. तबेल्यातला गडी सरसेनापती झाला. आणि इथे लोक अजून शब्दाची जन्मपत्रिका मांडून बसले आहेत!

अर्थ माणसागणिक आणि गावागणिक कसा ठरतो हे सोलापूरकराने कोणाकडून शिकावं? ‘काय बे’ ही आपल्याकडे मायेची हाक आहे. पुण्यात नव्या ओळखीत ती मारून बघा, समोरचा बाह्या सरसावेल. ‘बे’ची व्युत्पत्ती दोन्ही गावांत एकच आहे.

एवढं सगळं म्हटल्यावर कोणी विचारेल, मग फलकावरच्या ‘पॉश’बद्दल तुमची काहीच तक्रार नाही का? आहे, आणि ती बोटवाल्यांच्या तक्रारीहून मोठी आहे. हा शब्द आज सोलापुरात काय काम करतो ते बघा. उजनी भरलेलं असताना ज्या शहरात वर्षानुवर्षं चार-पाच दिवसांआड नळाला पाणी आलं, तिथे पॉश म्हणजे नक्की काय? बहुतेक वेळा त्याचा अर्थ एवढाच, की या इमारतीच्या टाकीत टँकरचं पाणी पडतं आणि त्याचा खर्च मेंटेनन्समध्ये धरलेला असतो. म्हणजे शहराने जे सगळ्यांना द्यायचं ते काही जणांनी विकत घेतलं, आणि त्या विकत घेण्याला एक गुळगुळीत नाव मिळालं. आक्षेप घ्यायचा तर या झाकाझाकीवर घ्या. ‘पॉश’च्या जागी ‘उच्चभ्रू’ लिहा, ‘अभिजात’ लिहा, शुद्ध तत्सम शब्द कोरा. टँकर तोच येणार, बिल तेवढंच.

याची उलटतपासणीही करता येते. कुंभारीत विडी कामगार आणि यंत्रमाग कामगार यांच्यासाठी मोठ्या वसाहती उभ्या राहिल्या. जानेवारी २०२४ मध्ये तिथल्या रे नगरमधल्या १५ हजार घरांचं वाटप पंतप्रधानांच्या हस्ते झालं. या घरांना आपण काय म्हणतो? घरकुल. किती गोड, किती अस्सल मराठी शब्द, कुळात कुठे खोट नाही! पण होटगी रस्त्याच्या फ्लॅटला कोणी घरकुल म्हणेल का? जाहिरातीत ‘प्रशस्त तीन बेडरूमचं घरकुल’ असं छापून बघा, एक ग्राहक येणार नाही. कारण त्या शब्दावर आता गरिबाचा शिक्का आहे, आणि हा शिक्का आपणच उमटवला आहे, रोजच्या वापराने, कोणत्याही साहेबाच्या मदतीशिवाय. शुद्ध कुळाचा शब्द माणसांना वेगळं काढण्याचं काम तितकंच चोख करतो. भाषेच्या नावाने भांडणारे ‘पॉश’वर तासन्‌तास बोलतात, ‘घरकुल’ने ज्यांना छोटं केलं त्यांच्याबद्दल कोणी बोललेलं मी तरी ऐकलं नाही.

आणि जाता जाता, ‘पॉश’ची एक खरीखुरी आद्याक्षरी व्युत्पत्तीही आपल्याकडे आहे. साहेबाची खोटी होती, आपली अस्सल आहे. कामाच्या ठिकाणी महिलांच्या लैंगिक छळाला प्रतिबंध करणारा २०१३ चा कायदा सरकारी आणि कंपनी-भाषेत ‘पॉश’ म्हणून ओळखला जातो. इंग्रजीतल्या ‘प्रिव्हेन्शन ऑफ सेक्शुअल हॅरॅसमेंट’वरून. दहा किंवा जास्त माणसं जिथे काम करतात तिथे तक्रार ऐकणारी अंतर्गत समिती असलीच पाहिजे. त्याहून लहान ठिकाणांसाठी आणि असंघटित कामगारांसाठी जिल्ह्याची स्थानिक समिती आहे. या एका जागी मी शुद्धीवाल्यांच्या बाजूने उभा आहे, फक्त कारण वेगळं आहे. सोलापुरात हजारो बायका कारखान्यातून पान-तंबाखू घरी आणून विड्या वळतात आणि वळलेला माल तपासून घेणाऱ्यासमोर जाऊन उभ्या राहतात. त्यातल्या कित्येकींची घरची भाषा तेलुगू. माल घेताना त्या माणसाने नको ते केलं, तर ‘पॉश समिती’ ही पाटी त्या बाईला काय सांगणार? तिला ते नव्या फर्निचरचं दुकान वाटेल. इथे शब्द परका आहे ही तक्रारच नाही; तो जिच्यासाठी आहे तिच्यापर्यंत पोचत नाही, ही तक्रार आहे. कलेक्टर कचेरीत, प्रत्येक यंत्रमाग कारखान्यात, गारमेंटच्या शेडमध्ये आणि विडी कारखान्याच्या दारात ‘बायकांच्या छळाची तक्रार इथे करा’ असं मराठीत, तेलुगूत, कन्नडात आणि उर्दूत लिहावं, आणि खाली फोन नंबर, लांबून वाचता येईल एवढ्या अक्षरात.